क्लॉक कोण देणार?

‘सिरियल झिरो इज अप, लाइन प्रोटोकॉल इज डाउन.’ सिस्कोच्या राउटरच्या पडद्यावर उमटणाऱ्या या एका ओळीने नेटवर्किंग शिकणाऱ्या अख्ख्या पिढीच्या झोपा उडवल्या आहेत. टेबलावर एकावर एक ठेवलेले दोन जुने राउटर, मध्ये बोटाएवढ्या जाडीची केबल, स्क्रू पिळून घट्ट बसवलेले कनेक्टर. दोन्हीकडे पत्ते टाकून झालेले, ‘नो शटडाउन’ देऊन झालेले. दिवे लागतात. पोर्ट जागे असल्याचे सांगते. तरी एका यंत्राचा शब्द दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. नवशिक्या केबल काढतो, पुन्हा बसवतो, राउटर बंद करून चालू करतो. त्याने काही फरक पडत नाही, कारण केबल चांगलीच असते. क्लॉक द्यायचे राहिलेले असते.

सिंक्रोनस सिरियल लाइनवर बिट एकामागून एक धावतात. एक बिट कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे घेणाऱ्याला कळायचे तर दोन्ही टोकांनी एकच ठेका धरायला हवा. पथकात ताशाने चाल धरावी आणि ढोलांनी ती उचलावी, तसे एका बाजूने ठोका, म्हणजेच क्लॉक, द्यायचा आणि दुसरीने पाळायचा. त्यासाठी केबलमध्ये वेगळ्या तारा असतात. त्या तारांवर ठोका नसेल तर बाकीच्या तारा कितीही शाबूत असल्या तरी निरुपयोगी.

खऱ्या जगात हा ठोका देणे हे राउटरचे काम नव्हतेच, ते टेलिफोन खात्याचे होते. मुंबईच्या कचेरीतला राउटर पुण्याच्या शाखेशी बोलायचा तेव्हा त्याची केबल आधी मोडेममध्ये जायची, मोडेमची तार एक्स्चेंजमध्ये, तिथून खात्याच्या जाळ्यातून पुण्याच्या एक्स्चेंजमध्ये, आणि पुढे सगळा क्रम उलटा. या साखळीत राउटर म्हणजे ‘डीटीई’, माहितीचा उगम किंवा मुक्काम. मोडेम म्हणजे ‘डीसीई’, वाहतूक सांभाळणारा. ही वाटणी १९६० साली अमेरिकेत ठरलेल्या आरएस-२३२ या मानकापासून चालत आली आहे. ठोका डीसीईने द्यायचा, डीटीईने निमूट पाळायचा.

घरच्या लॅबमध्ये मात्र टेलिफोन खाते नसते. मोडेम नसतो, एक्स्चेंज नसते. मग दोन राउटर थेट एकमेकांना जोडायचे. या जोडणीला सगळे ‘बॅक टू बॅक’ म्हणतात. जुन्या काळी त्यासाठी दोन केबली लागत. एक डीटीईची, तिच्या टोकाला व्ही-३५चा चौतीस पिनांचा जाडजूड नर कनेक्टर. दुसरी डीसीईची, तिच्या टोकाला मादी कनेक्टर. दोन्ही एकमेकांत खुपसले की झाले. पुढे बाजारात तयार, सलग केबल आली आणि तो चौतीस पिनांचा ठोकळा गेला. कोणते टोक कोणाचे, हे राउटर केबलच्या पिनांवरूनच ओळखतो. ज्याच्या वाट्याला डीसीईचे टोक येते, त्याने टेलिफोन खात्याची भूमिका वठवायची: ‘क्लॉक रेट ६४०००’.

आपल्या वाट्याला कोणते टोक आले, हे केबलच्या बिल्ल्यावर लिहिलेले असते, पण सेकंडहँड केबलचा बिल्ला बहुतेक वेळा निघालेला असतो. अशा वेळी ‘शो कंट्रोलर्स’ ही कमांड द्यायची. पडदाभर आकडे धावतात. कामाची एकच ओळ असते, वरच्या बाजूला: व्ही-३५, डीसीई केबल. तिच्यासाठी बाकीचा सगळा पसारा सोसायचा. क्लॉक दिले की काही क्षणांत दुसरी ओळ उमटते आणि लाइन प्रोटोकॉल वर येतो.

एवढ्याशा प्रकाराला शिक्षणात मोठे स्थान मिळाले, त्याला कारण आहे. खात्याकडून भाड्याने घेतलेल्या खऱ्या लीज लाइनवर बिघाड झाला की संशयित पाच-सहा असतात: आपला राउटर, आपला मोडेम, खांबावरची तार, एक्स्चेंजमधले कार्ड, पलीकडचा मोडेम, पलीकडचा राउटर. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बॅक टू बॅक जोडणीत मधले सगळे उडवलेले असते. चूक झाली तर ती या टेबलावरच्या दोन खोक्यांत किंवा मधल्या हातभर केबलमध्ये, आणि खोकी दोन्ही आपलीच. बोट दाखवायला तिसरा कोणी नसल्यामुळे माणूस शेवटी मुळाशी जातो.

त्या ६४०००च्या आकड्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. क्लॉक रेटला बाराशेपासून लाखांपर्यंत अनेक आकडे चालतात, पण क्लासमधला शिक्षक ६४०००च लिहितो, पुस्तकेही तेच छापतात. हा आकडा टेलिफोनचा आहे. माणसाचा आवाज डिजिटल करताना सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहायचा, असे ठरले. गुणाकार ६४०००. एका संभाषणाला सेकंदाला ६४ किलोबिट. भारतात आणि युरोपात अशा ३२ कप्प्यांची मिळून २.०४८ मेगाबिटची लाइन झाली, तर अमेरिकेत २४ कप्प्यांची १.५४४ मेगाबिटची. डेटाची लाइन भाड्याने घेणारा गिऱ्हाईक खरे तर आवाजाचा एक कप्पा भाड्याने घेत असे.

भारताच्या इंटरनेटच्या इतिहासातही हाच आकडा आहे, आणि तो मुंबईत जुहूला आहे. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेचा आणि आयआयटी मुंबईचा ईमेलचा व्यवहार १९८७ मध्ये डायल-अप मोडेमवरून सुरू झाला. यामागे अर्नेट हा सरकारी प्रकल्प होता: पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, जुहूची ही संस्था आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा मोजक्या ठिकाणांना जोडणारा. १९९२ मध्ये जुहूहून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियात युयूनेट या कंपनीपर्यंत लाइन सुरू झाली. वेग सेकंदाला ६४ किलोबिट. देशातल्या या नामवंत संस्थांची बाहेरच्या जगाशी गाठ एका टेलिफोन संभाषणाच्या रुंदीवर पडत होती. संस्थेचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचे नाव पुढे २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेले. सामान्य माणसासाठी विदेश संचार निगमची सेवा जुहूच्या लाइननंतर तीन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आज एखादी मुलगी डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ‘क्लॉक रेट ६४०००’ लिहिते, तेव्हा दोन फुटांच्या केबलवर त्या जुहू-व्हर्जिनिया लाइनचाच वेग ती उभा करत असते. मोठी फाइल पाठवून पाहिली तर तिला तो काळ कळेलही.

घरी लॅब उभी करण्याची हौस आली ती सर्टिफिकेटांमुळे. सिस्कोने सीसीआयई ही वरची परीक्षा १९९३ मध्ये आणली आणि सीसीएनए ही पहिल्या पायरीची १९९८ मध्ये. सीसीआयईचे क्रमांक १०२४ पासून सुरू होतात, आणि तो पहिला क्रमांक कोणा माणसाला नव्हे, परीक्षेच्या लॅबलाच दिलेला आहे. १०२५ क्रमांक परीक्षा रचणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांचा, १०२६ टेरी स्लॅटरी यांचा. प्रत्यक्ष लॅब देऊन उत्तीर्ण झालेले स्लॅटरी हे पहिले. २००१ च्या ऑक्टोबरपर्यंत ही लॅब परीक्षा दोन दिवसांची असे. उमेदवाराने बांधलेले जाळे परीक्षक मुद्दाम बिघडवत आणि उमेदवाराने ते शोधून दुरुस्त करायचे. नुसते पुस्तक वाचून हे जमणारे नव्हते. हाताला सवय लागते आणि सवय लागायला खोकी लागतात.

नवी खोकी परवडत नव्हती. म्हणून कचेऱ्यांनी काढून टाकलेली आली. त्यांत सर्वांत लाडके मॉडेल म्हणजे सिस्को २५०१. आत मोटोरोलाचा ६८०३० प्रोसेसर, २० मेगाहर्ट्‌झचा. कॉन्फिगरेशन साठवायला ३२ किलोबाइट जागा. मागे दोन सिरियल पोर्टे आणि एक इथरनेटचे, तेही असे की वेगळा ट्रान्सीव्हर लावल्याशिवाय साधी केबल बसायची नाही. चालू केले की पंखा भुणभुणायला लागे आणि सॉफ्टवेअर वर यायला चहा होईल इतका वेळ लागे. पण ही दोन सिरियल पोर्टेच सोन्याची होती. तीन २५०१ घेतले की त्यांचा त्रिकोण होतो, आणि त्रिकोण झाला की रस्ते निवडण्याचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला काय, जुने खोके घेताना जाणकार गिऱ्हाईक आधी मागची पोर्टे मोजत असे. रंगाकडे आणि पोच्यांकडे त्याचे लक्षच नसायचे.

विकत आणलेल्या राउटरला बहुधा आधीच्या मालकाचा पासवर्ड असतो. तो काढायची रीत प्रत्येक शिकाऊला पाठ: फिकट निळी चपटी कन्सोल केबल लावायची, ९६०० च्या वेगाने टर्मिनल उघडायचे, राउटर चालू होताच ब्रेक मारायचा, रजिस्टरचा आकडा २१४२ करायचा. मग राउटर जुने कॉन्फिगरेशन न वाचताच उठतो. काम झाले की आकडा पुन्हा २१०२. पण जुने कॉन्फिगरेशन न वाचले म्हणजे ते गेले असे नाही. ते त्या ३२ किलोबाइटमध्ये तसेच पडून असते आणि एका कमांडसरशी वाचता येते: शाखांची नावे, आतले पत्ते, कुठून कुठे काय जाऊ द्यायचे याचे नियम.

ही नुसती गंमत नव्हे. ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सेकंडहँड बाजारातून १८ राउटर विकत घेतले आणि एप्रिल २०२३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. एक खोके बंदच निघाले, दोन एकाच जोडीतले होते. राहिलेल्यांपैकी नऊ राउटरांत, म्हणजे निम्म्याहून अधिकांत, आधीच्या कंपन्यांचे संवेदनशील कॉन्फिगरेशन जसेच्या तसे होते. कोणती कंपनी, तिचे जाळे कसे, बाहेरच्या कोणाशी कशी जोडलेली, हे कळण्याइतके. भंगारात जाणाऱ्या संगणकाची डिस्क पुसायची, हे आता बहुतेक कचेऱ्यांना ठाऊक आहे. राउटरलाही स्मरण असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. घरी लॅब करणाऱ्याने अशा खोक्याला पहिला हात लावताना जुने कॉन्फिगरेशन न वाचता पुसावे, ही साधी सभ्यता. सगळेच ती पाळतात असे समजण्याचे कारण नाही.

लाइन वर आली की खरा अभ्यास सुरू होतो, आणि तो मुख्यतः चुका करण्याचा असतो. एका टोकाला लाइनवर बोलायची सिस्कोची नेहमीची भाषा, एचडीएलसी, ठेवायची आणि दुसऱ्या टोकाला पीपीपी ही निराळी भाषा करायची. लगेच तीच ओळ: अप, डाउन. क्लॉक नसतानाही हीच ओळ आली होती. लक्षण एक आणि कारणे निराळी, हा धडा डॉक्टरला वॉर्डात मिळतो, नेटवर्कवाल्याला या टेबलावर. एचडीएलसीवर दर दहा सेकंदांनी एक छोटा निरोप जातो. त्यात आपला क्रमांक असतो आणि समोरच्याचा ऐकलेला क्रमांकही. आपलाच क्रमांक आपल्याकडे परत आला, तर राउटर ओळखतो की लाइन मध्येच कुठेतरी उलटी फिरली आहे, आणि ‘लूप्ड’ असे लिहून मोकळा होतो. टेलिफोन खात्यात चाचणीसाठी कोणी लाइन वळवून ठेवली आणि सोडायला विसरला, हे त्या एका शब्दावरून शाखेतल्या माणसाला कळायचे.

याहून चमत्कारिक प्रयोग असा. दोन्ही टोकांना मुद्दाम एकमेकांशी संबंध नसलेले पत्ते द्यायचे, एकीकडे १० ने सुरू होणारा, दुसरीकडे १९२ ने. एचडीएलसीवर पिंग, म्हणजे समोरचा उत्तर देतो का हे पाहणारा निरोप, जात नाही, आणि जाऊही नये. आता दोन्हीकडे पीपीपी करायचे. पिंग जातो! पत्ते चुकीचेच आहेत, तरी जातो. कारण पीपीपी लाइन जुळवतानाच समोरच्याला त्याचा पत्ता विचारते आणि त्या एका पत्त्यापुरता रस्ता आपल्या यादीत लिहून ठेवते. पुस्तकात हे वाचून कोणाच्या लक्षात राहत नाही. चुकून घडलेले एकदा पाहिले की जन्मभर राहते.

त्रिकोणाचा प्रयोग तर कोणत्याही अभ्यासक्रमात सक्तीचा करावा असा. तीन राउटर, अ, ब आणि क. अ ते क ही थेट लाइन हळू, ६४०००च्या क्लॉकची. अ ते ब आणि ब ते क या दोन्ही वीस लाखांच्या. रस्ते निवडणारा ओएसपीएफ हा प्रोटोकॉल लावायचा आणि अ कडून क कडे पाठवायचे. सुज्ञ माणूस वेगाने जाणाऱ्या वळशाच्या रस्त्याने जाईल. ओएसपीएफ हटकून हळू रस्ता धरतो. कारण तो क्लॉक पाहतच नाही. सिरियल पोर्टाचा वेग १५४४ किलोबिट आहे असे सिस्कोने गृहीत धरून ठेवले आहे, अमेरिकेतल्या त्या २४ कप्प्यांच्या लाइनचा वेग. दहा कोटीला त्या वेगाने भागून खर्च येतो ६४. थेट रस्त्याला एक ६४, वळशाला दोन, म्हणून थेट रस्ता स्वस्त. त्या पोर्टावर ‘बँडविड्थ ६४’ असे हाताने लिहिले की खर्च १५६२ होतो आणि वाहतूक मुकाट वळशाने जाऊ लागते. भारतात बसलेल्या राउटरने अमेरिकी लाइनचा वेग गृहीत धरून रस्ता चुकावा, यात कोणाला रूपक दिसेल. तूर्तास ते बाजूला ठेवलेले बरे.

या जोडणीचा आणखी एक गुण बिघाड करताना दिसतो. बॅक टू बॅक केबल उपटली की दोन्ही टोकांना तत्काळ कळते आणि रस्ते क्षणात बदलतात. आता त्याच दोन राउटरांच्या मध्ये इथरनेटचा साधा स्विच ठेवायचा आणि पलीकडची केबल उपटायची. अलीकडच्या राउटरला काहीच कळत नाही. त्याचे पोर्ट स्विचला जोडलेले आहे, दिवा लागलेला आहे, सगळे आलबेल. ओएसपीएफचे ‘हॅलो’ दर दहा सेकंदांनी यायचे, ते थांबतात. चार चुकले, चाळीस सेकंद झाले, की मग तो समोरच्याला मेला असे समजतो. तोवर डेटा खड्ड्यात ओतला जात असतो. मधला माणूस सोय करतो आणि मधला माणूसच बातमी अडवतो. मोठी जाळी उभारणारे अभियंते आजही दोन राउटर शक्यतो थेट जोडावेत असा आग्रह धरतात, त्याचे एक कारण हे चाळीस सेकंद आहेत.

इथरनेटने बॅक टू बॅक जोडायचे तर एके काळी क्रॉस केबल लागे. एका टोकाच्या पाठवायच्या १ आणि २ क्रमांकाच्या तारा दुसऱ्या टोकाला घ्यायच्या ३ आणि ६ वर, म्हणजे नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल. क्रिंपिंगचा चिमटा घेऊन ती घरीच बनवत. मग एचपीच्या अभियंत्यांनी पोर्टालाच ही अदलाबदल आपणहून ओळखायला शिकवले, आणि क्रॉस केबल ड्रॉवरच्या तळाशी गेली.

तीन राउटरांच्या टेबलावर जगाला हलवणारी घटनाही उभी करता येते. २४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायला सांगितले. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांपैकी २०८.६५.१५३ ने सुरू होणाऱ्या २५६ पत्त्यांचा रस्ता आपल्या जाळ्यात खोटा जाहीर केला, म्हणजे देशातली मागणी तिथेच जिरावी. ती जाहिरात बाहेर गळली. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीने ती न तपासता पुढे दिली. यूट्यूबची खरी जाहिरात १०२४ पत्त्यांची, त्यातच हे २५६ येत. राउटरचा नियम साधा: जो रस्ता अधिक नेमका, तो खरा. भारतीय वेळेनुसार मध्यरात्री सव्वाबाराच्या सुमारास जगभरचे राउटर यूट्यूबचे पाहुणे पाकिस्तानकडे पाठवू लागले. यूट्यूबने सव्वा तासाने तेवढीच नेमकी जाहिरात केली, मग त्याहून बारीक तुकड्यांची. सव्वादोन तासांनी पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तानचे रस्ते काढून टाकले तेव्हा प्रकरण मिटले.

घरी हे करायला काय लागते? तीन राउटर, अशा जाहिराती वाहणारा बीजीपी हा प्रोटोकॉल आणि पाच-सहा ओळी. अ ने मोठा तुकडा जाहीर करायचा, क ने छोटा, आणि मधल्या ब ची यादी पाहत बसायचे. क ची ओळ उमटताच वाहतूक तिकडे वळते. कोणी विचारत नाही, कोणी अडवत नाही. या बीजीपीचा पहिला आराखडा १९८९ च्या जानेवारीत सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव रेख्तर यांनी जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर काढला होता. तेव्हाच्या इंटरनेटवर एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळींचाच वावर होता, म्हणून समोरचा खोटे बोलेल ही शंका त्यांच्या मनात आली नाही. त्या भोळेपणाची किंमत वर्तमानपत्रात वाचणे वेगळे आणि आपल्या टेबलावर वाहतूक चुकीच्या दिशेने वळताना पाहणे वेगळे.

मग खोक्यांची गरजच संपवणारी गोष्ट आली. २००५ मध्ये फ्रान्सच्या कोंपिएन्यच्या तंत्र विद्यापीठातल्या क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स लिहिले. साध्या संगणकाच्या पोटात सिस्कोचा राउटर चालवणारे, आणि तेही सिस्कोचे खरे सॉफ्टवेअर घेऊन. सुरुवातीला हे एक आभासी राउटर संगणकाचा सगळा प्रोसेसर खाऊन टाकी, कारण रिकामा बसलेला राउटरही आत गरगर फिरतच असतो. त्याचा रिकामा वेळ ओळखणारा एक आकडा शोधून द्यावा लागे. त्यावर पुढे जेरेमी ग्रॉसमन यांनी जीएनएस३ हा चित्रमय मुखवटा चढवला. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीचा पॅकेट ट्रेसर तर फुकट आणि हलका. आज लिनक्सवर एका कमांडने आभासी केबल तयार होते, तिची दोन टोके दोन वेगळ्या खोल्यांत ठेवायची आणि दोन राउटर बॅक टू बॅक जोडले गेले. ना पंखा, ना विजेचे बिल. खोकी घरात आणल्याबद्दल आईची बोलणीही नाहीत.

यात हरवले काय? पुष्कळांचे म्हणणे, काहीच नाही. ते बरेचसे खरे आहे. ओएसपीएफ आणि बीजीपी शिकायला धातूचे खोके लागत नाही, आणि तासाला पैसे मोजून दूरच्या रॅकवर सराव करण्याचे दिवसही त्यामुळे मागे पडत गेले. पण एक गंमत पाहा. पॅकेट ट्रेसरमध्ये केबलच्या डीसीई टोकाला छोटेसे घड्याळ काढलेले असते, आठवण म्हणून. जीएनएस३ मध्ये क्लॉक न देताही लाइन वर येते, कारण आत तार नाही आणि ठोका लागतच नाही. आभासी इथरनेटची केबल तोडली तरी पलीकडचे पोर्ट कित्येकदा ‘अप’च राहते. म्हणजे आभासी लॅब नेमके तेच लपवते जे बॅक टू बॅक केबल उघडे पाडत होती: भौतिक थर. फक्त आभासी लॅबवर तयार झालेला तरुण प्रोटोकॉलमध्ये तरबेज असतो आणि सर्व्हर रूममध्ये न लागलेल्या दिव्यासमोर उभा राहिला की गोंधळतो. सिस्कोनेही २०२० मध्ये सीसीएनएचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा सिरियल लाइन आणि पीपीपी त्यातून काढून टाकले. बाजार पाहता ते बरोबरच. शाखांना आता फायबर जाते. पण वरच्या थरावरचे दुखणे खालच्या थरात असू शकते, ही शिकवण कोणत्या धड्यात घालायची, हा प्रश्न उरतोच.

नेटवर्किंगशी काही देणेघेणे नसलेल्या घरांतही आता दोन राउटर पाठोपाठ जोडलेले असतात, मालकाला ठाऊक नसले तरी. फायबरवाल्याने बसवलेले खोके हा एक राउटर. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून बाजारातून आणलेले वायफायचे खोके हा दुसरा. दुकानदार सांगतो, लावा केबल. ती दुसऱ्या खोक्याच्या ‘वॅन’ पोर्टात जाते आणि घरात दोन जाळी तयार होतात, एकाच्या आत एक. पत्त्यांचा अनुवाद दोनदा होतो. इंटरनेट चालते, पण बाहेरच्या खोलीतला प्रिंटर आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला सापडत नाही आणि मुलाचा ऑनलाइन खेळ कुरकुरतो. दोन्ही खोक्यांचा कारखान्यातला पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर तेही चालत नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या खोक्याचा पत्ता बदलायचा, त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करायचे आणि केबल ‘वॅन’ऐवजी साध्या ‘लॅन’ पोर्टात लावायची. आता ते राउटर राहिले नाही, वायफाय देणारा स्विच झाले. इंटरनेट देणाऱ्या कित्येक कंपन्या तर आपल्या बाजूलाही एकदा अनुवाद करतात, त्यासाठी १००.६४ पासूनचे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवले गेले. म्हणजे अशा घरातून निघालेले पॅकेट बाहेरच्या जगात पोहोचेपर्यंत तीनदा नाव बदलते.

घरच्या लॅबमध्ये सगळ्यांच्या हातून घडणारा एक प्रकार म्हणजे स्वतःलाच बाहेर कोंडून घेणे. ब राउटरवर टेलनेटने दुरून शिरून त्याचेच पोर्ट बंद केले, की ज्या फांदीवर बसलो ती तुटली. टेबलावर हे घडले तर निळी कन्सोल केबल लावायची आणि मिनिटभरात पुन्हा आत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये हेच जगाच्या पातळीवर घडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे मधले जाळेच तुटले. अशी कमांड अडवण्यासाठी असलेल्या तपासणीच्या साधनात दोष होता, त्यामुळे ती अडली नाही. पाठोपाठ कंपनीच्या नावे शोधणाऱ्या सर्व्हरांनी आपले बीजीपीचे रस्ते मागे घेतले, आणि फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास जगाच्या नकाशावरून नाहीसे झाले. दुरून शिरायची वाट त्याच जाळ्यातून जात होती. अभियंत्यांना डेटा सेंटरांत प्रत्यक्ष जावे लागले, आणि ती ठिकाणे बाहेरच्याला सहज शिरता येऊ नये अशीच बांधलेली होती, म्हणून आणखी वेळ गेला.

अशा कामासाठी जुन्या सिस्कोवाल्यांची एक सवय आहे, आणि ती बहुतेकांना दोन खोक्यांच्या टेबलावरच लागते. दूरच्या राउटरवर जोखमीचा बदल करण्याआधी ‘रीलोड इन १०’ अशी कमांड द्यायची. दहा मिनिटांनी राउटर आपोआप बंद होऊन चालू होणार, आणि बदल साठवलेला नसल्यामुळे जुन्याच कॉन्फिगरेशनवर उठणार. मग निर्धास्तपणे बदल करायचा. सगळे नीट चालले तर ‘रीलोड कॅन्सल’. लाइन तुटली तर काही करायचे नाही, दहा मिनिटे वाट पाहायची. शाखा चारशे किलोमीटरवर असली आणि तिथे रात्री कुलूप लागलेले असले, तरी सकाळी कोणाला गाडीने पाठवावे लागत नाही.